सूपचा चमचा, जेडची पट्टी आणि आईची पाठ

वाचकाचं पत्र

ताई, गेली पाच वर्षं मी सिंगापूरला असते. काम अकाउंट्सचं, म्हणजे दिवसभर मान खाली. वर्षअखेरीच्या गडबडीत मान इतकी आखडली की वळून मागे बघता येईना. शेजारच्या चिनी आंटींनी मला स्टुलावर बसवलं, तेल लावलं आणि सूपच्या चिनी मातीच्या चमच्याने मान-खांदे खरडून काढले. याला गुआ शा म्हणतात हे मला तेव्हाच कळलं. लाल-जांभळे पट्टे उठले, ते बघून नवरा हादरलाच. पण दुसऱ्या दिवशी मान खरंच मोकळी झाली होती. आता स्वतःचं साधन घ्यावं म्हणून चायनाटाउनमध्ये गेले, तर एकाच काउंटरवर जेड, गुलाबी क्वार्ट्झ, म्हशीचं शिंग, स्टील, लाकूड आणि बिआन नावाचा काळा दगड! दुकानदार म्हणतो, शिंग उष्णता काढतं, जेड मन शांत करतं, दगडातून लहरी निघतात. चेहऱ्यासाठी ऑनलाइन मागवलेली जेडची बदामाच्या आकाराची पट्टी घरात पडून आहे, ती मानेला चालेल का? जाऊबाई म्हणतात, काशाची वाटी असताना ही सोंगं कशाला. आणि हो, दिवाळीला नाशिकला जाणार आहे. आईची पाठ कायम दुखते, तिच्यासाठीही एक न्यायचं मनात आहे. मागच्या वर्षी तिची अँजिओप्लास्टी झाली, पण आता ठणठणीत आहे. कुठलं घेऊ?

— एक वाचक, सिंगापूर

उत्तर

प्रिय मैत्रीण,

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तुम्ही जाता जाता, शेवटी विचारलात. म्हणून मी तिथूनच सुरुवात करते. आईसाठी यातलं काहीही घेऊ नका. जेड नको, शिंग नको, चमचाही नको.

अँजिओप्लास्टी होऊन वर्ष-दीड वर्ष झालंय म्हणजे आई अ‍ॅस्पिरिन घेत असणार, कदाचित जोडीला क्लोपिडोग्रेलसारखी दुसरी गोळीही असेल. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून या गोळ्या असतात. गुआ शामध्ये आपण नेमकं उलट काम करतो: कातडीखालच्या अगदी बारीक केशवाहिन्या मुद्दाम फोडतो. तुमच्या मानेवर उठले ते पट्टे म्हणजे त्यातून बाहेर झिरपलेलं रक्त. तुमच्या अंगात ते लगेच थांबतं. आईच्या अंगात ते थांबायला वेळ लागेल आणि पट्ट्याच्या जागी हातभर काळंनिळं पसरेल. 'मग दोन दिवस गोळी बंद ठेवू' असं घरात कोणी सुचवलं तर त्याला तिथल्या तिथे गप्प करा. स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनीत जाळी, बसवलेल्या माणसाची गोळी मालिशीसाठी बंद करायची नसते. आईला शेकायची चांगली पिशवी न्या, आणि पाठ 'कायम' दुखत असेल तर तिला एकदा नाशिकमध्येच डॉक्टरांना दाखवा. साठीच्या पुढच्या बाईची कायमची पाठदुखी हाडं ठिसूळ झाल्यामुळेही असू शकते, आणि अशा पाठीवर कुठलीच घासाघीस नको.

आता तुमच्याकडे वळते. आंटींनी तुमच्या मानेवर जे वापरलं, ते घरात दुसरं काही नव्हतं म्हणून वापरलं असं तुम्हाला वाटलं असेल. तसं नाही. चमचा हे या उपचाराचं जुनं, प्रतिष्ठित साधन आहे. १६७५ साली गुओ झिसुई नावाच्या चिनी वैद्याने या विषयावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला, आणि त्यात कुठल्या भागाला काय वापरायचं हेही दिलंय. पाठ, छाती, बरगड्या यांसाठी तिळाच्या तेलात बुडवलेलं तांब्याचं नाणं, किंवा चक्क जीभ घासणीचा दांडा! कपाळ, मानेची मागची बाजू, कोपर अशा ठिकाणी तेलात भिजवलेला सुती किंवा तागासारखा दोरा. पोटाच्या मऊ भागावर तर हत्यार नाहीच, नुसतं हाताने मीठ चोळायचं. पुढे १८६४ सालच्या एका वैद्यकग्रंथात पोटदुखीवर चिनी मातीचा चमचा तिळाच्या तेलात बुडवून पाठीवर ओढावा, असं स्पष्ट लिहिलेलं सापडतं. आंटी दीडशे वर्षांपूर्वीच्या छापील सल्ल्याप्रमाणे वागल्या, बहुधा त्यांना स्वतःलाही हे माहीत नसताना.

या सगळ्या यादीत जेड कुठे आहे? नाही. नाणं, घासणी, दोरा, मीठ, चमचा. घरात पडलेल्या वस्तू. त्यांच्यात सारखं काय आहे ते बघा. हाताला लागेल, बोचणार नाही, तेलावरून सरकेल अशी गुळगुळीत कड. शेजारच्या देशांतही हेच. व्हिएतनाम, कंबोडिया, इंडोनेशिया, सगळीकडे घरोघरी नाण्यानेच काम भागतं. तुमच्या इमारतीत घरकाम करणाऱ्या इंडोनेशियन बायकांना 'करोकान' म्हणून विचारा, त्या लगेच मानेकडे बोट दाखवतील.

म्हणून माझं मत आधीच सांगून टाकते. साधन निवडताना बघायचं ते कडेकडे, आणि ते नीट धुता येतं का याकडे. कशाचं बनलंय हा प्रश्न त्यानंतरचा, आणि तोही मुख्यतः टिकाऊपणापुरता.

कड कशी तपासायची? दुकानदारासमोरच करा, लाजू नका. पर्समध्ये कापसाचा एक बोळा ठेवा. त्याचा पातळ पिंजलेला धागा कडेवरून सावकाश, पूर्ण लांबीभर ओढा. डोळ्यांना न दिसणारा टवका असला तर कापूस तिथे अडकतो. मग तीच कड हाताच्या आतल्या बाजूला, मनगटाच्या वर, तेल न लावता अगदी हलकी फिरवा. पांढरी रेघ उमटली किंवा कुठे एकाच जागी चरचरलं तर ती पट्टी खाली ठेवा. कडेची जाडी साधारण दोन-तीन नाणी एकावर एक ठेवल्यावर होते तेवढी असावी आणि ती दोन्ही बाजूंनी गोल उतरती हवी. पातळ कड त्वचेला खरवडते, फार जाड असली तर नुसतीच तेलावरून घसरते आणि मग माणूस जोर लावायला लागतो. साच्यातून काढलेल्या वस्तूंना कडेवर एक बारीक शिवण राहते, तीही नखाने चाचपून बघा. मेलामाइनच्या चमच्यांत ही शिवण फार असते. आपल्याकडे चायनीजच्या गाड्यांवर मिळतात ते पांढरे चमचे बहुतेक मेलामाइनचेच. तुम्हाला हवा आहे तो खऱ्या चिनी मातीचा, सगळीकडून झिलई असलेला. काही चमच्यांना तळाशी, भट्टीत टेकतो तिथे, बिनझिलईचा खरखरीत पट्टा असतो. तो भाग मानेला लागता कामा नये.

आता काउंटरवरचे बाकीचे उमेदवार.

म्हशीचं शिंग मला मनापासून आवडतं. हलकं असतं, हातात गार लागत नाही, किंचित लवतं, त्यामुळे खांद्याच्या गोलाईवर छान बसतं. शिंग आणि आपलं नख एकाच द्रव्याचं, केराटिनचं. पण नखाचे गुण आले तसे दोषही आले. पाण्यात फुगतं, वाकतं, वाळताना थर सुटतात, चिरा पडतात. उकळत्या पाण्यात तर टाकताच येत नाही. कपाटात विसरलं तर किडे कुरतडतात. आपल्या आज्यांच्या शिंगाच्या फण्या जशा तेल लावून जपल्या जायच्या, तसंच हे जपावं लागतं. शिवाय मधासारख्या पिवळ्या, आरपार दिसणाऱ्या, एकसारख्या 'शिंगाच्या' पट्ट्या पुष्कळदा राळेच्या, म्हणजे रेझिनच्या असतात. खऱ्या शिंगात रेषा असतात, दोन पट्ट्या हुबेहूब सारख्या नसतात, आणि घासल्यावर केस जळल्यासारखा हलका वास येतो. 'उष्णता काढतं' या दाव्याचं मूळ वेगळ्याच ठिकाणी आहे. चिनी औषधशास्त्रात म्हशीच्या शिंगाची पूड ताप उतरवण्यासाठी पोटात देतात, आणि १९९३ मध्ये चीनने गेंड्याच्या शिंगाच्या व्यापारावर बंदी घातल्यापासून त्याची जागा तिनेच घेतली. पोटात घ्यायच्या पुडीचा गुण दुकानदाराने पाठीवर ओढायच्या पट्टीला चिकटवला, इतकंच. आणि कोणी 'लिंगयांग', म्हणजे सायगा हरणाचं शिंग दाखवलं तर हातही लावू नका. त्या प्राण्याच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत, ते घेऊन विमानात बसणं तुम्हाला महागात पडेल.

जेडमध्ये मात्र सगळ्यात जास्त फसवणूक. खरं जेड दोन प्रकारचं, नेफ्राइट आणि जेडाइट. शिनजियांगमधल्या होतानचं नेफ्राइट चीनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या नावाजलेलं, आणि चकचकीत हिरवं जेडाइट येतं म्यानमारच्या काचिन प्रांतातून. पर्यटकांच्या काउंटरवर मिळतं ते बहुतेक यांपैकी काहीच नसतं. ल्याओनिंग प्रांतातल्या शिऊयानचा सर्पेंटाइन हा मऊसर दगड असतो, नाहीतर रंगवलेला क्वार्ट्झ, नाहीतर काच. भिंगातून गोल बुडबुडे दिसले तर काच. हिरवा रंग बारीक चिरांमध्ये जास्त गडद साठलेला दिसला तर रंगवलेला. आता यातली गंमत अशी की खऱ्या नेफ्राइटला एक खराखुरा गुण आहे. त्याचे तंतू एकमेकांत विणलेले असल्याने ते पडलं तरी सहज टवका उडत नाही. क्वार्ट्झ त्याच्यापेक्षा कठीण, पण ठिसूळ. बाथरूमच्या फरशीवर एकदा आपटला की काचेसारखी धार उघडी पडते. म्हणजे जेडला पैसे द्यायचेच असतील तर न फुटण्याला द्या. मन शांत होण्याचं म्हणाल तर दहा मिनिटं कोणी प्रेमाने पाठ चोळली तर मन तसंही शांत होतं.

बिआन दगड शांडोंगचा, काळा, गुळगुळीत, हातात जड. त्यातून अवरक्त किरणं निघतात असं सांगतात. निघतात ना! गरम केलेल्या कुठल्याही वस्तूतून निघतात, भाकरीच्या तव्यातूनही. कोमट पाण्यात ठेवून वापरायला दगड छान वाटतो हे खरं, पण लहरींचे वेगळे पैसे देऊ नका. लाकूड सोडून द्या. तेल पितं, वास मारतं.

स्टील हे माझ्या व्यवसायातलं साधन. मी फिजिओथेरपिस्ट, आमच्याकडे स्टीलच्या पट्ट्या रोज हातात असतात. धुवायला, निर्जंतुक करायला त्याच्यासारखं दुसरं नाही. पण दोन गोष्टी. एक, स्टीलला स्वतःचं वजन असतं आणि नवखा माणूस त्यावर आपला जोरही घालतो. दुसरी, फिजिओथेरपीसाठी बनवलेल्या काही पट्ट्यांना एका बाजूने तासलेली कड असते. ती शिकलेल्या हातासाठी आहे. ऑनलाइन स्वस्तात दिसली म्हणून घेऊ नका. गोल कडेची साधी पट्टी घ्या.

यात एक उदाहरण मला फार बोलकं वाटतं. अमेरिकेत गुआ शा शिकवणाऱ्या आणि त्यावर संशोधन करणाऱ्या आर्या नील्सन यांचं साधन बरणीचं पत्र्याचं झाकण! गोल वळवलेल्या ओठाचं, स्वस्त, आणि एका रुग्णानंतर फेकून देता येईल असं. त्यांच्याच २००७ सालच्या छोट्या अभ्यासात, ११ निरोगी माणसांवर, खरडलेल्या जागी पृष्ठभागाजवळचं रक्ताभिसरण पहिल्या साडेसात मिनिटांत चौपट झालेलं दिसलं. २०११ मध्ये जर्मनीतल्या एका चाचणीत मानेच्या जुन्या दुखण्याचे ४८ रुग्ण होते. निम्म्यांना एकदा गुआ शा, निम्म्यांना शेक. आठवड्यानंतर गुआ शावाल्यांचं दुखणं जास्त कमी झालेलं होतं. चाचण्या लहान, मुदत आठवड्याची. म्हणून 'आजार मुळातून गेला' असं कोणी म्हणालं तर मान डोलवू नका. पण तुमची मान दुसऱ्या दिवशी मोकळी झाली हा भास नव्हता.

चेहऱ्याची बदामी पट्टी चेहऱ्यालाच राहू द्या. चेहऱ्यावर पट्टे उठवायचे नसतात, तिथे हात पिसासारखा चालवायचा, म्हणून ती पातळ आणि छोटी असते. मानेच्या जाड स्नायूवर तिने काम करायला गेलात तर बोटं दुखतील, पकड सुटेल आणि पट्टी फरशीवर जाईल. शिवाय एकच पट्टी मानेला आणि मुरुमं असलेल्या गालाला, हे बरं नव्हे.

जाऊबाईंच्या काशाच्या वाटीला नावं ठेवणार नाही. तळपायाला तूप किंवा खोबरेल लावून वाटीच्या गोल बुडाने घासणं हा आपला उत्तम प्रकार आहे, झोपेपूर्वी तर फारच सुखाचा. पण तो वेगळा. तिथे गोल बूड फिरवायचं असतं, इथे कड ओढायची असते, आणि वाटीची कड कातून काढलेली, बहुतेकदा बोचरी. जाता जाता, पाय घासल्यावर जे काळं निघतं त्याला आपल्याकडे 'उष्णता निघाली' म्हणतात. ते तेल, घाम आणि धातू यांच्या रासायनिक क्रियेतून येतं. गुआ शाच्या पट्ट्यांबद्दलही तेच. पट्टा जितका गडद तितकी 'घाण' जास्त, असं आंटी म्हणाल्या असतील तर ऐकून घ्या, पण त्या नादात आणखी खरडून घेऊ नका.

तेल भरपूर हवं. तिळाचं परंपरेतलं, आपलं खोबरेलही चालतं. आधी टायगर बाम लावून त्यावर खरडण्याची सवय तुमच्या शेजारात दिसेल. मेंथॉल-कापराची आग उघड्या झालेल्या कातडीला जास्त लागते आणि दाब किती झाला हे कळेनासं होतं. बाम नको.

हात असा ठेवा. पट्टी कातडीला उभी टेकवायची नाही. ओढायच्या दिशेने झुकवून, अर्ध्या काटकोनापेक्षा जास्त उभी नको. केसांच्या रेषेपासून मानेच्या बाजूने खाली, मग खांद्याच्या टोकाकडे. एकाच दिशेने, वीतभर लांब, सावकाश. मागे-पुढे घासायचं नाही. मधल्या मणक्यांच्या उंचवट्यांवरून जायचं नाही, त्यांच्या दोन्ही बाजूंच्या मांसल पट्टीवरूनच. मानेच्या पुढच्या बाजूला तर मुळीच नाही, तिथून मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या जातात. एका जागी काही ओढींत लाली उठते. रंग आणखी गडद व्हायचा थांबला की तुम्हीही थांबा. आणि तोंडातून 'स्स' निघालं की दाब जास्त झाला, असं समजा. आपल्या सावळ्या कातडीला जास्त रगडलं तर पट्टे गेल्यावर महिनोन्‌महिने काळसर डाग राहतात. गोऱ्या मॉडेलच्या मानेवरचे व्हिडिओ बघून हे कळत नाही. पट्टे साधारण दोन ते पाच दिवसांत विरतात. ते पूर्ण गेल्याशिवाय त्याच जागी पुन्हा हात लावायचा नाही. तीळ, मस, पुरळ, उन्हाने भाजलेली जागा टाळा.

स्वतःचं स्वतः करताना मानेच्या मागे आणि खवाट्यांच्या मध्ये हात पोचत नाही, आणि ओढाताण करून पोचवला तर मानच पुन्हा धरते. समोरच्या हाताने विरुद्ध खांदा, एवढं तुमचं. बाकीचं आंटींचं किंवा नवऱ्याचं, तेवढ्यासाठी त्याची भीती घालवा. पण एक सांगते, त्याची प्रतिक्रिया जगावेगळी नव्हती. १९७५ नंतर अमेरिकेत गेलेल्या व्हिएतनामी निर्वासितांच्या मुलांच्या पाठीवरचे नाण्याचे पट्टे पाहून तिथल्या डॉक्टरांना मुलांना मारहाण होते असा संशय यायचा. कुठल्याही तपासणीला जाताना पट्टे असतील तर आधी सांगून टाका. घरातल्या लहान मुलांवर प्रयोग नकोत.

धुण्याबद्दल मी हट्टी आहे. कातडी फुटलेली दिसत नाही, तरी थोडं रक्त आणि कातडीतून पाझरणारा चिकट द्राव साधनाला लागू शकतो, आणि हिपॅटायटिस बी पसरायला फार रक्त लागत नाही. म्हणून एका माणसाचं साधन एकाचंच. साबण, गरम पाणी. चमचा किंवा स्टील असेल तर उकळून. आंटींचा चमचा त्यांच्या घरी, तुमचा तुमच्या घरी, आणि तो पुन्हा सूपच्या वाटीत जाता कामा नये. बाहेर करून घ्यायचं असेल तर सिंगापूरमध्ये २००० सालच्या कायद्याने चिनी वैद्यांची नोंदणी होते. नोंदणीकृत वैद्याकडे जा, आणि शिंगाची पट्टी पुढे आली तर ती आधी कोणाच्या पाठीवरून आली हे विचारा.

तेव्हा तुमची खरेदी अशी: चिनी मातीचा जाड, बिनटवक्याचा एक चमचा, फक्त मानेसाठी. हात बसला, गरज वाटली, तर पुढे गोल कडेची स्टीलची पट्टी. पण मानेबरोबर हाताला मुंग्या येत असतील, बोटांतला जोर कमी वाटत असेल, तर हे सगळं थांबवून आधी डॉक्टर. आणि अंगात ताप असताना कधीच नाही, मग आंटी कितीही आग्रह करोत. चीनमध्ये, इंडोनेशियात ताप-कणकणीला खरडणं सर्रास चालतं. पण सिंगापूरला डेंगी बारा महिने असतो, नाशिकला पावसाळ्यानंतर, अगदी दिवाळीपर्यंत. डेंगीत प्लेटलेट घसरतात, अंगावर आपोआप लाल ठिपके उठतात. त्यावर तुम्ही खरडलेले पट्टे आले, तर डॉक्टरला रोगाचे ठिपके कुठले आणि चमच्याचे कुठले हे ओळखता येणार नाही, आणि रक्तस्राव वाढेल तो वेगळाच.